बोटीवर वाचायला काय नेऊ? (मुंबई ते लक्षद्वीप, डिसेंबर)

आमसूल, रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

लेकाने आणि सुनेने आम्हाला न विचारता डिसेंबरातल्या क्रूझचं बुकिंग करून टाकलंय. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीप बघायचं, परत मुंबई. मध्ये एक अख्खा दिवस नुसतं पाणी, कुठे उतरायचंच नाही. पैसे परत मिळत नाहीत असं कळल्यावर आमच्या ह्यांनी विरोध सोडला.

माझा आमसुलं आणि आगळाचा (कोकमाच्या खारवलेल्या रसाचा) घरगुती धंदा आहे. एप्रिल-मे रातांबे फोडण्यात आणि पावसाच्या आत सालं वाळवून घेण्यात जातात, पुढे बरण्या, लेबलं, कुरिअर. वाचन म्हणजे रात्री आडवं झाल्यावर चार पानं, पुस्तक छातीवर पडेपर्यंत. त्यामुळे बोट म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल तर वाचायला मिळणार! स्वयंपाक नाही, दारात कुणी "काकू, आगळ आहे का?" विचारत येणार नाही. नाचगाणी, जादूचे प्रयोग वगैरे असतं म्हणे, ते ज्यांना हवं त्यांनी बघावं.

पण नेऊ काय? पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड अर्धा राहिलाय, खूण म्हणून घातलेलं लाइटबिल अजून त्यातच आहे. दोन्ही खंड उचलून न्यावेत असं मनात आहे, पण सून म्हणते बॅगेत कपडे नेणार की विटा? लेक त्याचं जुनं किंडल देतो म्हणतोय. मी ते हातात धरून पाहिलं, पाटीवर वाचल्यासारखं वाटतं. नगर वाचनालयाची मी जुनी सभासद (1828 सालचं वाचनालय, आमच्या गावाला मिरवायला आंब्याखेरीज तेवढं एक आहे), पण त्यांचं पुस्तक समुद्रावर न्यावं का, हा प्रश्नच आहे.

शिवाय माझ्याबरोबरची माणसं लक्षात घ्या. आमचे हे जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीतसुद्धा लिंबू हुंगत बसतात. नातू चौथीत आहे, मोबाइल काढून घेतला की पाचव्या मिनिटाला "आजी, आता काय करू?" आणि वन्सं येणार आहेत. त्यांना कुणी पुस्तक उघडून बसलेलं दिसलं की ते माणूस रिकामं आहे असं वाटतं.

तर अनुभवी लोकांनी सांगा. जाड न्यावं की बारीक? समुद्राबद्दलचं न्यावं का? आणि हलत्या बोटीवर वाचून मळमळतं हे खरं की ह्यांचं पालुपद?

वाचनवेडी, चिपळूण

आमसूलताई, काय नशीब! मी असते तर एक बॅग फक्त पुस्तकांची नेली असती.

समुद्रावर समुद्राचंच वाचायचं, मजा दुप्पट होते. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी पुलंनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणलाय, एका बैठकीत संपतो. खानोलकरांचं ‘कोंडुरा’ घ्या, वेंगुर्ल्याकडचा समुद्र त्यात गरजत असतो, पण रात्री एकट्या डेकवर वाचू नका. पुलंनीच अनुवाद केलेलं मनोहर माळगावकरांचं ‘कान्होजी आंग्रे’ मिळालं तर तेही घ्या. निघाल्यावर खांदेरीचा जलदुर्ग डाव्या हाताला राहील आणि तुमच्या हातात आंग्र्यांचं पुस्तक!

इंग्रजी चालत असेल तर अगाथा ख्रिस्तीचं ‘डेथ ऑन द नाइल’. 1937 सालचं आहे, नदीवरच्या बोटीत खून होतो आणि सगळे संशयित बोटीवरच अडकलेले. तुमच्या बोटीवरच्या प्रत्येक टेबलाकडे संशयाने बघाल.

एकच सांगते, मिलिंद बोकिलांचं ‘समुद्र’ आवडतं असलं तरी नवऱ्याबरोबर सहलीला नेऊ नका. समुद्रकाठी सुट्टीवर गेलेलं जोडपं आणि त्यांच्यात निघालेलं एक जुनं गुपित, असा मामला आहे. घरी वाचा, हे झोपल्यावर.

खाडीपट्टा, दाभोळ

काकू, मी निवृत्त माणूस. टँकरवर पंपमन होतो, उभं आयुष्य बोटीवर गेलं. क्रूझवर पाऊल ठेवलेलं नाही, पण पाणी तेच आणि वाचणाराही तसाच, म्हणून लिहितो. लांबेल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे चिपळूणच्या ताईंशी माझं जमणार नाही. समुद्रावर समुद्राचं पुस्तक नेऊ नये. पहिल्या दिवशी बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी मान वर केली तरी पाणी, खाली घातली तरी पाणी. तिसऱ्या दिवशी माणसाला काय हवं असतं? बाजार, भांडणं, गडगा कुणी सरकवला त्याचा तंटा, मुंजीतली उणीदुणी. आम्ही बोटीवर जी पुस्तकं फाटेपर्यंत वाचली ती गर्दीची होती. दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ माझ्या पेटीत कायम असायचं. कोकणातलं एक गाव आणि त्यातले एकेक इरसाल नमुने, कुठूनही उघडा, कुठेही मिटा. आखातात जहाज नांगरावर पडून असायचं, बाहेर उकडून जीव जायचा, आणि आत एकजण मोठ्याने वाचतोय, बाकीचे हसतायत. त्यात एक केरळचा फिटर होता, त्याला अक्षर कळायचं नाही, तोही हसायचा.

दुसरं, कुणी बोलावलं की मिटता येईल असंच पुस्तक न्या. क्रूझवर तर जेवणाची वेळ, नातवाची पोहायची वेळ, सारख्या घोषणा, वन्सं आहेतच. चार पिढ्यांचे खोत डोक्यात धरून बसायचं तर सलग वेळ लागतो, कोण कुणाचा चुलता ते विसरलं की मागे जावं लागतं. ‘तुंबाडचे खोत’ पावसाळ्यातलं पुस्तक आहे. जगबुडी नदीकाठची ती गोष्ट घरी पागोळ्या गळत असताना वाचा. पेंडसेच हवे असतील तर ‘गारंबीचा बापू’ न्या, आटोपशीर आहे आणि बापूसारखा माणूस बरोबर असला की कंटाळा येत नाही.

मळमळीचं. मिस्टरांचं पालुपद नाही, खरं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि पानावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. ह्या दोघांचं पटत नाही म्हणून पोट ढवळतं. खोलीत बसून वाचलं तर जास्त, उघड्यावर क्षितिज दिसत असेल तर कमी. मोठ्या बोटींना पाण्याखाली डुलणं कमी करणारे, माशाच्या परांसारखे पंख असतात, डिसेंबरात समुद्रही बहुतेक निवळलेला असतो, तेव्हा फार घाबरू नका. खोली अजून बदलून मिळत असेल तर बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. वरची, पुढच्या टोकाची महागडी खोली मिस्टरांना मानवणार नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी. तिने झोप येते, म्हणजे ते झोपतील आणि तुम्ही वाचाल.

आता बसायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. जाताना बोटीचं तोंड दक्षिणेला. सकाळी ऊन डाव्या अंगाला, म्हणजे खुर्ची उजव्या बाजूला टाका. दुपारनंतर डाव्या बाजूला या. येताना ह्याच्या उलट. पांढऱ्या कागदावर समुद्रावरचं ऊन पडलं की डोळे चुरचुरतात, गॉगल लावून अक्षर लागत नाही. पोहण्याच्या तलावाजवळ गाणी लावलेली असणार, तिकडे फिरकू नका. वारा पानं उलटतो, म्हणून कागदांना लावतात तसे दोन मोठे चिमटे घ्या. खाऱ्या दमट हवेने पुस्तक फुगतं, पुठ्ठ्याची बांधणी सुटते. साध्या बांधणीची स्वस्त प्रत न्या आणि रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. वाचनालयाचं पुस्तक अजिबात नको. ते गावाचं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवाळी अंक. डिसेंबरात तुमच्या घरी दोन-चार पडलेले असतीलच. आमची मंडळी दर वर्षी अंक कंपनीच्या एजंटाकडे पाठवायची, तो जहाजावर पोचायचा शिमग्याच्या सुमाराला. मग कथा, कविता, वार्षिक राशिभविष्य (निम्मं वर्ष सरलेलं), उदबत्तीच्या जाहिराती, सगळं पाठ व्हायचं. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना आम्ही खलाशी डोळ्यांसमोर नसणार, पण बोटीवर न्यायला ह्यापेक्षा सोयीची वस्तू मराठीत झालेली नाही. भिजला तर भिजला. वन्संना अर्धा फाडून द्या, राशिभविष्याचा भाग द्या, तासभर निश्चिंती.

देवगडचो झील

काकू, माका इचारशात तर कायच नेव नकात. पैसे भरून दर्यार जातासात आणि मान खाली घालून पुस्तकात? आमची आजी आगबोटीन मुंबैक जायची, डेकार गोणपाट हातरून. तिका अक्षर येय नाय होता, पण जैतापूर इला, विजयदुर्ग इला, ह्या ती बसल्या जागेवरसून सांगायची. आता कोकण रेल्वे झाली आणि सगळ्यांका दर्या इसारलो.

आमसूल, रत्नागिरी

झीलभाऊ, तुमच्या आजीबरोबर माझ्या वन्सं नव्हत्या.

खाडीपट्टा काका, तुम्ही तर शिकवणीच घेतलीत. खोलीचं आजच लेकाला सांगितलं. तो म्हणाला वरची बाल्कनीवाली घेतली होती, सरप्राइज होतं. आता बदलतोय.

दिवाळी अंकांचं कसं सुचलं नाही मला! तीन अंक कपाटावर तसेच आहेत, एकाचं तर प्लॅस्टिकही काढलेलं नाही. वन्संना राशिभविष्य देण्यात धोका एवढाच की त्या सगळ्यांचं मोठ्याने वाचून दाखवतील.

‘तुंबाड’बद्दल मात्र वाद घालणार आहे. पावसाळ्यात वाचा म्हणता, पण जूनला माझी शेवटची आगळं भरायची असतात आणि पुढे श्रावणात घरात पाहुणे. मग आयुष्यात सलग वेळ मिळणार कधी? पिढ्या विसरल्या तर विसरल्या, वंशावळ कागदावर लिहून काढीन.

किंडलचं कुणी सांगेल का? आणि नातवाचं राहिलंच.

मिठागर, पेण

काकू, किंडलबद्दल मी सांगतो. त्याला फोनच्या तराजूत तोलू नका. फोनचा पडदा उन्हात काळा पडतो, किंडलचा पडदा कागदासारखा आहे, ऊन जितकं कडक तितकं अक्षर स्पष्ट. एकदा चार्ज केलं की तुमची सगळी सहल चालेल. त्याला आतला उजेड असेल तर रात्री ह्यांचा डोळा लागल्यावर दिवा न लावता वाचता येतं, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, चष्मा शोधत बसायला नको.

पण जे वाचायचं ते घरी असतानाच उतरवून घ्या आणि एकदा उघडून बघा. किनारा सुटला की थोड्या वेळात मोबाइलची रेंज जाते. बोटीवरचं वायफाय उपग्रहावरून येतं, त्याचे पैसे वेगळे आणि जपून वापरावं इतके. फोन फ्लाइट मोडवर टाकून द्या, नाहीतर बोटीवरचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येईल. मराठी पुस्तकं किंडलवर हवी तितकी नाहीत, हे खरं. दळवी-पेंडसे शोधून मिळाले नाहीत तर कागदच बरा.

आमच्या बाजूचं एक पुस्तक सुचवतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, ‘माझा प्रवास’. बिचारे दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीत असताना वेढा पडला. जीव वाचवत कसेबसे कोकणात परत आले, पुढे सगळं लिहून काढलं आणि ते छापून आलं 1907 साली. मऊ गादीवर पडून दुसऱ्याच्या प्रवासाचे हाल वाचण्यासारखं सुख नाही. भाषा जुनी आहे, पण दोन पानांत सवय होते.

वाचनवेडी, चिपळूण

खाडीपट्टा काका, तुम्ही आयुष्यभर समुद्र बघितलात म्हणून तुम्हाला बाजार हवा. आमसूलताईंचा तर जन्मच बाजारात चाललाय! त्यांना समुद्र नको का? ‘एका कोळियाने’ मी यादीतून काढू देणार नाही. पातळ तर आहे, चिमट्याएवढं वजन.

खाडीपट्टा, दाभोळ

ताई, हे मात्र पटलं. उपाशी कोण आणि कशाला, त्यावर ताट ठरतं. काकूंनी ‘एका कोळियाने’ न्यावं, पण जाताना नव्हे, येताना वाचावं. तोवर पाणी म्हणजे काय ते अंगाला कळलेलं असतं, मग म्हातारा काय झेलतोय ते कळतं. फक्त मिस्टरांच्या हाती लागू देऊ नका, आणि बुडालेल्या बोटींचं तर काहीच नेऊ नका. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास 17 जुलै 1947 ला बुडाली, आमच्या किनाऱ्यावर ती गोष्ट अजून सांगतात. फेरीबोटीत लिंबू हुंगणाऱ्या माणसाला बोटीवर ती आठवण नको.

नातवाचं मिठागररावांनी नकळत सोपं केलं. त्याला ज्यूल व्हर्न द्या. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा मुलांसाठी मराठीत आणल्या, वाचनालयात विचारा. कॅप्टन नेमो आणि त्याची पाणबुडी नॉटिलस, हे 1870 चं. चौथीतल्या पोराला कठड्यापाशी उभं राहून खाली पाण्यात पाणबुडी असेल का असं वाटलं की तास निघतो. मग त्याला गुपित सांगा. हा नेमो कोण, ते व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत, 1875 साली, उघड केलंय. तो बुंदेलखंडचा राजपुत्र, नाव डक्कर, 1857 च्या बंडात इंग्रजांशी लढलेला, सगळं गमावून समुद्राखाली गेलेला. म्हणजे इकडे आजी झाशीच्या वेढ्यातले गोडसे भटजी वाचतेय आणि तिकडे नातू त्याच बंडातून पळालेला राजपुत्र वाचतोय. एक खरा, एक कल्पनेतला. दुपारभर तुम्हाला बोलायला विषय झाला, आणि वन्संना मध्ये तोंड घालायला जागा नाही.

झीलचं म्हणणं मी तिसऱ्या हिश्शाने मान्य करतो. दिवेलागणीनंतर पुस्तक मिटायचं. पहिल्या रात्री डाव्या बाजूच्या कठड्याशी उभं राहायचं. खांदेरीवर 1867 सालचं दीपगृह आहे, आता त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. बोट किनाऱ्याच्या जवळून गेली तर पुढेही दिवे दिसतील. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा वेळ वेगळा ठरलेला असतो, त्यावरून खलाशी ओळखतो कुठलं ठिकाण आलं. नातवाला घड्याळ देऊन सेकंद मोजायला लावा. तुमची बोट लक्षद्वीपची, ती लवकरच बाहेर पडेल, मग काही दिसणार नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक म्हणून प्रवाळाचं मोठं पठार आहे, तेही वरून दिसत नाही.

आमसूल, रत्नागिरी

ठरलं. लिहून ठेवते, नाहीतर आयत्या वेळी परत विटा भरीन.

‘सारे प्रवासी घडीचे’ विकत आणलं, स्वस्त बांधणीचं. ‘एका कोळियाने’ घरात होतंच. गोडसे भटजी एका मैत्रिणीकडे आहेत, ती म्हणाली ने, पण कोकम सरबताची बाटली दे. दिवाळी अंक तीन, त्यातल्या एकाचं राशिभविष्य वन्संसाठी वेगळं काढलंय. नातवासाठी व्हर्न वाचनालयातून आणून घरीच वाचून दाखवायला सुरुवात केली, म्हणजे पुस्तक गावातच राहील. नेमो राजपुत्र असल्याचं अजून सांगितलेलं नाही. ह्यांनी काही नको म्हटलं, मग हळूच विचारलं, "त्या दळवींचं माझ्याकडे देशील का?"

‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंडही नेतेय. काका, रागावू नका. वंशावळ तयार आहे, लाइटबिलाच्या मागे लिहिली. दुसरा खंड घरी ठेवला, एवढं तुमचं ऐकलं.

शेवटचं एक विचारायचं. पुस्तकं मोठ्या बॅगेत टाकू की हातात ठेवू? आणि ह्यांच्या पोटासाठी आगळाची एक बाटली नेते आहे.

मिठागर, पेण

पुस्तकं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेतात आणि खोलीत पोचायला वेळ लागतो, तोवर तुम्ही रिकाम्या हाताने बसाल. गोळ्या आणि चष्माही त्याच पिशवीत.

आगळ मात्र नका नेऊ. बाहेरचं खाणंपिणं बहुतेक बोटींवर चालत नाही, तपासणीत काढून घेतात. त्यांना हवंच असेल तर आमसुलं न्या आणि पोचल्यावर विचारा, सुकी दोन-चार कुणी अडवेल असं वाटत नाही.